मगरीचं समुद्रात गेलेलं घराणं. कात्रजच्या खडकात त्याचे अवशेष का नाहीत?

कात्रज : येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात काठावर निपचित पडलेली मगर अनेकांनी पाहिली असेल. पाठीवर कडक खवल्यांचं चिलखत, चार आखूड पाय आणि जाडजूड शेपूट. हिच्याच दूरच्या भाऊबंदांपैकी एक घराणं डायनासोरच्या काळात जमीन सोडून समुद्रात राहायला गेलं. शास्त्रज्ञ त्याला ‘मेट्रिओरिंकिड’ म्हणतात.

साधारण १७ ते १२ कोटी वर्षांपूर्वी हे प्राणी होते. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, अर्जेंटिनात त्यांचे अवशेष मिळाले आहेत. अनेकांची लांबी ३ मीटरच्या आसपास होती.

अंगात काय बदललं?
पायांची वल्ही झाली. शेपटीचं टोक खाली वाकून माशासारखा पर तयार झाला. पाठीवरचं चिलखत गेलं, त्यामुळे पोहायला अंग मोकळं झालं. खारं पाणी पचवण्यासाठी डोक्यात जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी होत्या. श्वास घ्यायला मात्र पाण्यावर यावंच लागे. यातला ‘डाकोसॉरस’ करवतीसारख्या दातांनी मोठं सावज फाडायचा.

कात्रजला का नाही?
कात्रजचा घाट, सिंहगड हा सगळा काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो बनला. तोवर हे घराणं संपून ५ कोटींहून जास्त वर्षं लोटली होती. शिवाय समुद्री प्राण्याची हाडं टिकायला समुद्रतळाचा गाळ लागतो. आपल्या देशात त्या काळातला असा गाळ कच्छमध्ये आहे. तिथे लोडाई गावाजवळ सापडलेल्या ‘इक्थिओसॉर’ या दुसऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याच्या सांगाड्याची माहिती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

विहिरीत निघतं ते काय?
भोर, पुरंदर, मुळशीकडे विहीर खणताना पांढरे, सुईसारखे किंवा दातासारखे दिसणारे खडे निघू शकतात. ते हाड नव्हे, लाव्हाच्या पोकळीत वाढलेले खनिजांचे स्फटिक. खरी जुनी हाडं शोधायची तर नदीकाठचा जुना गाळ बघावा. शिरूर तालुक्यात इनामगाव परिसरात घोड नदीच्या गाळात प्राण्यांची अश्मीभूत हाडं मिळाली आहेत. डायनासोरच्या मानाने ती अगदी अलीकडची.

असं काही दिसलं तर उकरून घरी नेऊ नये. हाड कोणत्या थरात होतं, यावरूनच त्याचं वय ठरवता येतं. जागेवरच फोटो काढून पुण्यातल्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना दाखवावा.