घोंगडें, वाकळ आणि स्वदेशीचें व्रत

जुन्या वस्तूस नवा उपयोग लावावा, फाटलें तें सांधावें, आणि घरीं होण्यासारखें असेल तें बाजारांतून आणूं नये, असा उपदेश हल्लीं पश्चिमेकडून नव्या विचाराच्या थाटांत आपल्याकडे येत आहे. उपदेश चांगला आहे. नवा मात्र नव्हे. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस माणगंगेच्या कांठीं वसलेलें, सिद्धनाथाचें क्षेत्र म्हसवड ज्यानें पाहिलें आहे, त्यास हा धडा पुस्तकांत शोधण्याचें कारण पडूं नये.

माणदेश पर्जन्यछायेंतला. शेतीचा भरंवसा नाहीं, म्हणून मेंढरांचा आधार. त्या मेंढरांच्या काळ्या, राठ लोकरीवर म्हसवडच्या घोंगड्यांचा लौकिक उभा राहिला. धनगरानें लोकर कातरावी, बायांनीं ती पिंजून सूत काढावें, सणगरानें ताण्यास चिंचोक्याची खळ द्यावी व खड्डामागावर घोंगडें विणावें, असा हा क्रम होता. रंग मेंढीच्या अंगचाच. रंगाऱ्याचें काम नाहीं. हें घोंगडें थंडींत पांघरूण, पावसांत खोळ, पाहुण्यास बैठक आणि खळ्यावर अंथरूण होई. लुगडीं-धोतरें जीर्ण झालीं कीं त्यांची वाकळ शिवली जाई. वाकळ विरली कीं तिच्यावर नवा थर चढे. टाकून देण्याजोगें असें घरांत फारसें कांहीं उरतच नसे.

आतां दुसरीकडे पाहूं. लोकहितवादींनीं 1848 पासून लिहिलेल्या शतपत्रांत परदेशी मालाविषयीं देशबांधवांस सावध केलें. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनीं स्वदेशीचें व्रत घेतलें, आणि 1877 च्या दिल्ली दरबारास ते हातानें कातलेल्या सुताचीं वस्त्रें परिधान करून गेले. त्याच सुमारास दख्खनेंत भीषण दुष्काळ पडला होता, ही गोष्ट विसरूं नये. पुढें 1905 सालीं पुण्यांत विलायती कापडाची होळी झाली. 1934 सालीं ग्रामोद्योग संघ निघून वर्धा त्याचें केंद्र बनलें. या प्रयत्नांची थोरवी आम्हांस मान्य आहे. परंतु व्रत घेणारा बहुधा शहरांतला व शिकलेला होता. खादी महाग व गिरणीचें कापड स्वस्त, असा प्रसंग येतांच पुष्कळांचें व्रत ढिलें पडलें. माणदेशच्या माणसानें व्रत घेतलें नव्हतें. अंथरूण पाहून पाय पसरणें त्यास भूमीनेंच शिकविलें होतें.

येथें एक सावधगिरी हवी. दारिद्र्यास वैराग्य म्हणणें हा सुखवस्तु लोकांचा जुना दोष आहे. वाकळीवर थर चढविणारी बाई उपभोगाचा निषेध करीत नव्हती. तिला थंडी निवारावयाची होती. म्हणून हातीं दोन पैसे येतांच तिनें बाजारांतलें हलकें, मऊ ब्लँकेट घेतलें, तर तिला बोल कोण लावील?

घोंगड्याच्या ऱ्हासाचा इतिहास मोठा विलक्षण आहे. पानिपतच्या कारखान्यांनीं परदेशांतून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून स्वस्त ब्लँकेटें विणलीं. म्हणजे टाकाऊपासून टिकाऊ करण्याच्या तत्त्वानेंच आमच्या सणगराच्या मागावर घाव घातला! इकडे मांसास भाव चढला, तशी अल्पलोकरी माडग्याळी मेंढी जवळची वाटूं लागली. आणि राठ लोकरीस गिऱ्हाईक न राहिल्यानें ती कातरण्याची मजुरीही धनगरास जड झाली. जी वस्तु कधीं वायां जात नव्हती, तीच उकिरड्यावर पडूं लागली.

यावरून आम्ही इतकेंच अनुमान काढतों कीं, पुनरुपयोग हें स्वतः पुरेसें तत्त्व नव्हे. वस्तु कशाची केली, या प्रश्नाबरोबर ती कोणीं केली, त्यास काय मिळालें आणि ती फाटल्यास सांधणारा जवळ आहे काय, हे प्रश्नही विचारले पाहिजेत. जुन्या स्वदेशीनें गिऱ्हाइकाच्या मनास हात घातला. विणकराच्या मजुरीपर्यंत तिचा हात क्वचितच पोंचला. नव्या काटकसरीच्या पुरस्कर्त्यांनीं तेवढी उणीव भरून काढावी. सणगरास घोंगड्याचें योग्य मोल मिळेल, तरच त्याचा मुलगा मागावर बसेल. नाहींतर हा प्रश्न शब्दशः भिजत घोंगडेंच राहील, आणि पुढें तें वाळत घालण्यासही कोणाच्या घरीं घोंगडें नसेल.