बागा मिळाल्या, वाटा राहिल्या: एसेक्स काउंटीची गोष्ट

आज जरा लांबच्या मुलखात जायचं आहे. न्यू जर्सीतली एसेक्स काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक त्या राज्यात राहतात. एप्रिलमध्ये चेरीच्या बहराचे फोटो ते पाठवतात. त्यांतले पुष्कळसे न्यूअर्क शहरातल्या ब्रँच ब्रूक पार्कमधले असतात. तर या बागेचा इतिहास फुलांपेक्षा मोठा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूअर्क हे कारखान्यांचं, दाटीचं शहर होतं. लगतच ऑरेंज आणि इतर छोटी गावं, आणि पश्चिमेला वॉचंग डोंगररांग. प्रत्येक गावाची नगरपालिका वेगळी, तिजोरी वेगळी. डोंगर एकाच्या हद्दीत, गर्दी दुसऱ्याच्या हद्दीत. मग बाग कुणी करायची? याचं उत्तर म्हणून विचार पुढे आला, की संपूर्ण काउंटीनेच एकत्र नियोजन करावं.

१८९४ साली आधी एक चौकशी आयोग नेमला गेला. १८९५ मध्ये कायदा झाला, मतदारांनी कौल दिला आणि २५ लाख डॉलरचे कर्जरोखे काढायची परवानगी मिळाली. अमेरिकेतला हा पहिला काउंटी उद्यान आयोग. त्याचे सदस्य कुणी नेमायचे, तर न्यायाधीशाने! राजकारण्यांच्या हाती ही सूत्रं जाऊ नयेत, एवढाच त्यामागचा हेतू.

सुरुवात झाली ती न्यूअर्कच्या जुन्या जलाशयाच्या आणि दलदलीच्या जागेवर. यादवी युद्धात तिथे सैनिकांची छावणी होती. तीच जागा आजचा ब्रँच ब्रूक पार्क. रुंदीला बेताचा, पण लांबीला जवळजवळ चार मैल. पुढे ओल्मस्टेड बंधूंच्या कंपनीने त्याला रूप दिलं. डोंगरावर साउथ माउंटनचं सुमारे २००० एकर आणि ईगल रॉकचं सुमारे ४०० एकर रान राखून ठेवलं गेलं. जमीन महाग होण्याआधी घेतली, ही त्यांची दूरदृष्टी आपण मान्यच केली पाहिजे.

पण आता खरी गोष्ट ऐका. आराखड्यात नुसत्या बागा नव्हत्या. शहरातली बाग आणि डोंगरावरचं रान यांना जोडणारे झाडीचे रुंद रस्ते, म्हणजे पार्कवे, होते. त्यासाठी पार्क अ‍ॅव्हेन्यू आणि सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू हे दोन रस्ते आयोगाला हवे होते. नेमके त्यांच्यावरून ट्राम कंपनीशी भांडण पेटलं. कंपनीला रूळ टाकायला वाट हवी होती. आयोगाचे एक सदस्य फ्रेडरिक केल्सी यांनी १९०५ मध्ये या व्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. त्याची कितीतरी पानं याच झगड्याने भरलेली आहेत. आखलं होतं तसं सलग जाळं काही उभं राहिलं नाही.

केल्सींची चीड खरी होती. तरी दुसरी बाजूही बघितली पाहिजे. पार्कवेवरून बग्गीत बसून जाणार कोण? ज्याच्या घरी गाडीघोडा आहे तो. कारखान्यातल्या माणसाला परवडत होती ती ट्रामच. म्हणजे एकाच रस्त्यावर दोन सार्वजनिक हक्क समोरासमोर उभे होते, आणि दोन्ही हक्क सांभाळणारी तोड कुणी काढली नाही.

खेळाच्या मैदानांचंही असंच. सुरुवातीची कल्पना होती शांतपणे फिरायची, हिरवळ आणि पाणी बघायची. लोकांना खेळायला जागा हवी होती. १९१३ साली वीक्वेइक पार्कमध्ये सार्वजनिक गोल्फ मैदान झालं. हळूहळू बागांच्या नकाशात चेंडूफळीची, टेनिसची मैदानं शिरली. १९२७ साली कॅरोलाइन बॅमबर्गर फुल्ड यांनी दोन हजारांवर चेरीची झाडं दिली. आज ती संख्या पाच हजारांच्या पुढे आहे.

आणि जोडरस्त्यांचं काय झालं? १९८२ मध्ये लेनापे ट्रेल आखली गेली. लेनापे हे या भूमीचे मूळ रहिवासी. न्यूअर्कपासून रोझलंडपर्यंत सुमारे ३४ मैलांची ही पायवाट. ब्रँच ब्रूक, मिल्स, ईगल रॉक अशी जुनी उद्यानं ती एका धाग्यात ओवते. मध्ये कुठे रान, कुठे साधा फुटपाथ. पिवळी खूण शोधत चालायचं. नवे रुंद रस्ते न बांधता, जे आहे त्यातूनच वाट काढलेली. पुढे २०२१ मध्ये राज्य सरकारने बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची जमीन घ्यायचं जाहीर केलं. माँटक्लेअरपासून जर्सी सिटीपर्यंत, जवळपास नऊ मैल. जोडणीचा तो जुना प्रश्न दोन काउंट्यांच्या पातळीवर पुन्हा उभा राहिला.

यातून काय घ्यायचं? बाग म्हणजे एक तुकडा जमीन. पैसा आणि कायदा असला की ती मिळते. वाट मात्र अनेकांच्या हद्दीतून, अनेकांच्या हितसंबंधांतून जाते. म्हणून नियोजनात ती आधी आखावी लागते, आणि तिच्यावरून कोण चालणार हेही आधीच विचारावं लागतं. एसेक्सने बागा पहिल्या दहा वर्षांत मिळवल्या. त्या जोडणारी चालायची वाट मिळायला जवळजवळ नव्वद वर्षं गेली.