गार पाण्याची तक्रार

चक्कर येते म्हणून तुम्ही डॉक्टरांकडे गेलात आणि त्यांनी कानात आळीपाळीनं ३० आणि ४४ अंशांचं पाणी सोडलं, तर घाबरू नका. त्यामागे एका रुग्णाची कुरकुर आहे.

व्हिएन्नात रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान धूत असत. पाणी गार असलं की गरगरतं, असं एकानं सांगितलं. बारानींनी ते उडवून लावलं नाही. गरम पाणी वापरून पाहिलं. डोळ्यांची थरथर उलट्या दिशेनं झाली! पाण्याच्या तापमानानं आतल्या कानातला द्रव हलतो, हे त्यांनी ताडलं. एका कानाचा प्रतिसाद क्षीण, तर दोष बहुधा त्याच बाजूला.

१९१४चं नोबेल मिळाल्याची बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

तेव्हा डॉक्टरांकडे गेलात की किरकोळ वाटणारी तक्रारही सांगाच.