पाकिटावरचे पत्ते

लग्नपत्रिकेत काय छापलंय ते सगळेच वाचतात. मला मात्र पाकिटावर हाताने घातलेला पत्ता जास्त बोलका वाटतो. मुंबईला गेलेल्या कोकणाचा इतिहास त्या पत्त्यांत आहे.

आमच्या जामसंड्यात लग्नं बहुतेक मे महिन्यात. चाकरमानी आंब्यासाठी येणारच, त्यात लग्न उरकायचं. पत्रिका आल्या की पहिली देवापुढे, मग प्रत्येकीच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू, ते वाळलं की पत्ते. मी शाळेतली बाई, अक्षर बरं, त्यामुळे वाडीतलं हे काम माझ्याकडेच यायचं. गावातल्या पाकिटांवर नुसतं नाव पुरे. विधवा बाईच्या नावाआधी 'गं. भा.' लिहायची रीत होती. मी 'श्रीमती' लिहायचे. काही म्हाताऱ्यांना ते खटकायचं! २०२३ मध्ये 'गंगा भागीरथी' हाच शब्द सरकारी कागदावर आणायची सूचना निघाली आणि राज्यभर विरोध झाला, तेव्हा बरं वाटलं. असो.

टपालाची पाकिटं 'बुक पोस्ट'ने जायची. स्वस्त पडायचं, पण झाकण चिकटवायचं नाही, नुसतं आत खोचायचं, आणि आत खासगी पत्र घालायचं नाही. (तरी कोपऱ्यात पेन्सिलीने 'नक्की येणे' लिहिणारे महाभाग होतेच.)

पत्ता म्हणजे चाळ, माळा, खोली नंबर आणि शेवटी 'परळ, मुंबई-१२' किंवा 'गिरगाव, मुंबई-४'. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला तेव्हा हेच आकडे शेवटी राहिले: परळ ४०० ०१२, गिरगाव ४०० ००४. ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

एकेका खोलीच्या पत्त्यावर सात-आठ पाकिटं जायची. नावं वेगळी, खोली एकच. गिरणीच्या पाळ्या वेगवेगळ्या. एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा झोपायचा. बायकामुलं इथे गावात.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. त्यानंतरच्या लग्नांत पाकिटं परत यायला लागली, वर पोस्टमनचा शेरा, 'पत्त्यावर राहत नाही'. काही जण गावीच आले होते. त्यांची नावं टपालाच्या यादीतून गावच्या यादीत आली, तिकीट लागेनासं झालं. तिकीट वाचलं म्हणून कोणाला आनंद झाला नाही. बाकीच्यांचे पत्ते हळूहळू नालासोपारा, विरार, डोंबिवली असे व्हायला लागले.

आता पत्रिका मोबाइलवर येते, पत्ता लागतच नाही. आमच्या घरच्या जुन्या वहीत एका नातलगाच्या नावापुढे चार पत्ते आहेत. परळ, जामसंडे, नालासोपारा हे तिन्ही खोडलेले. चौथा मुलाकडचा, पुण्याचा. त्यापुढे फक्त फोन नंबर.