पोर्ट चालू, तरी डिस्क उपाशी : एक्स्टर्नल हार्ड डिस्कच्या वीजपुरवठ्याचे विवेचन

डिस्क जोडल्यावर तिचा दिवा लागतो, आतून बारीक टकटक ऐकू येते, स्क्रीनवर तिचे नाव क्षणभर दिसते आणि नाहीसे होते. काढून पुन्हा जोडली तरी तेच. यावरून सहसा दोनच निष्कर्ष काढले जातात, पोर्ट गेला किंवा डिस्क गेली. पण दोन्ही शाबूत असतानाही हे घडू शकते, आणि बऱ्याचदा तसेच घडलेले असते. पोर्टमध्ये वीज असते, ती डिस्कपर्यंत पोहोचतेही. मात्र डिस्कला सर्वांत जास्त वीज लागते नेमक्या त्याच क्षणी दाब कमी पडतो. दिवा लागला म्हणजे पुरवठा ठीक आहे असे मानता येत नाही. दिव्याला मोजके मिलिअँपिअर पुरतात, तबकडी फिरवायला त्याच्या शंभराहून अधिक पट लागतात.

मागणी किती असते ते आधी पाहू. वेगळा अडॅप्टर नसलेल्या अडीच इंची डिस्कची सगळी वीज यूएसबी केबलमधूनच येते, ५ व्होल्ट दाबाने. तबकडी एकदा फिरू लागली की वाचन-लेखनाला साधारण पाव ते अर्धा अँपिअर पुरतो. पण थांबलेली हातगाडी हलवताना जसा पहिला रेटा जास्त लागतो, तसा तबकडीला गती देताना सुरुवातीच्या एक-दोन सेकंदांत हा प्रवाह एक अँपिअरच्या आसपास जातो. आता पुरवठ्याचे नियम बघा. २००० साली आलेल्या यूएसबी २.० मध्ये एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर घेण्याची मुभा आहे, २००८ च्या यूएसबी ३.० मध्ये ९०० मिलिअँपिअर. म्हणजे सुरुवातीचा तो झटका दोन्ही मर्यादांच्या काठावर किंवा पलीकडे असतो. तरीही बहुतेक डिस्का चालतात, कारण अनेक मदरबोर्डवर पोर्टचे संरक्षण बरोबर ५०० वर वीज तोडत नाही, त्याहून बराच जास्त प्रवाह काही काळ जाऊ देते. ही सवलत प्रत्येक संगणकात वेगळी असते. एकच डिस्क घरच्या संगणकावर मुकाट चालते आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर अडते, यामागचे बरेचसे कारण इथे आहे.

वीज पुरते की नाही हे संगणकालाच विचारावे, असे कोणालाही वाटेल. मॅकच्या सिस्टम इन्फर्मेशनमध्ये किंवा विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतील डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक उपकरणापुढे मिलिअँपिअरचा आकडा दिसतो. पण हा आकडा मोजलेला नसतो. उपकरण जोडले जाताना आपली कमाल गरज स्वतः जाहीर करते, तीच तिथे दाखवली जाते. डिस्कच्या कवचातील सर्किटने '५०० लागतील' असे सांगितले, तर ती सुरुवातीला हजार ओढत असली तरी पडद्यावर ५०० च राहतील. म्हणून त्या आकड्यावर निदान बेतू नये. पोर्ट आणि केबल यांच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर खरा दाब आणि खरा प्रवाह दाखवतो, पण त्याचा पडदा सावकाश बदलतो. काही मिलिसेकंदांसाठी कोसळलेला दाब त्यात निसटू शकतो. मीटरवर ४.९ दिसले म्हणून केबल निर्दोष ठरत नाही, शिवाय तो केबलच्या अलीकडचा दाब सांगतो, पलीकडचा नव्हे.

दोष शोधायला मी सर्वप्रथम केबलकडे वळेन. स्वस्त केबलमध्ये वीज वाहणाऱ्या तारा बहुधा २८ गेजच्या असतात. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. वीज जाते आणि परत येते, त्यामुळे एक मीटर केबलमध्ये प्रत्यक्ष वाट दोन मीटरची, म्हणजे सुमारे ०.४३ ओहम. एक अँपिअर वाहताना ०.४३ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. पोर्टवर ४.९ असले तर डिस्कला ४.४७ मिळतात, आणि दोन्ही टोकांच्या जोडणीत आणखी थोडे जातात. अनेक अडीच इंची डिस्कांना ५ व्होल्टच्या पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे ४.७५ च्या वर दाब लागतो. हेच गणित २४ गेजच्या तारेने केले तर तूट ०.१७ व्होल्टवर येते. केबलच्या वेष्टनावर गेजचा आकडा बहुधा बारीक अक्षरांत छापलेला असतो. दोन आकडे असतील तर लहान आकडा सहसा वीजवाहक तारांचा. तेवढे वाचून अर्धे निदान होते. आणि लांबी निम्मी केली की तूटही निम्मी होते, म्हणून डिस्कसोबत कंपनीने दिलेली आखूड केबल टाकून मोठी केबल लावू नये.

हाच हिशेब संगणकाच्या पेटीच्या आतही लागू पडतो. डेस्कटॉपच्या मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर बसवलेले असतात. पुढचे पोर्ट आतल्या बारीक केबलने आणि एका जादा जोडणीने तिथवर पोहोचतात. म्हणून पुढे अडलेली डिस्क मागे चालते. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब तर आणखी कठीण. यूएसबी २.० च्या नियमानुसार त्याला वरून ५०० मिळाले की १०० तो स्वतःसाठी ठेवतो, आणि उरलेल्या चारशेत चार पोर्ट, प्रत्येकी १००. अशा हबवर फिरती डिस्क लावणे चूकच. कोकण किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत जोडणीचे धातू लवकर गंजतात आणि तिथला रोध वाढतो. पावसाळ्यात सुरू झालेली कुरबुर या अंगानेही तपासावी.

कोणता दोष आहे हे ओळखायला बिघाडाची वेळ फार उपयोगी पडते. जोडताक्षणीच टकटक होऊन डिस्क सुरूच होत नसेल, तर सुरुवातीच्या झटक्याला दाब पुरत नाही. केबल, हब, पुढचा पोर्ट यांकडे बघा. डिस्क नीट चालते, पण थोडा वेळ तशीच सोडल्यावर गायब होते, तर वीज बचतीसाठी संगणकच पोर्टला झोपवत असण्याची शक्यता मोठी. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करून आणि रूट हबच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवरील उपकरण बंद करण्याची परवानगी काढून ते पडताळता येते. मोठी फाइल कॉपी होताना काही मिनिटांनी खंड पडत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. अनेक मदरबोर्डवर पोर्टच्या संरक्षणाला स्वतःहून पूर्ववत होणारा फ्यूज असतो. तो तापला की त्याचा रोध वाढतो, आणि एकदा उडाल्यावर थंड होऊनही रोध लगेच मूळ पातळीवर येत नाही. एकाच फ्यूजवर दोन पोर्ट असले तर शेजारी चार्जिंगला लावलेला फोनही डिस्कचा वाटा खातो. केबल हलवताच डिस्कचा संपर्क तुटत असेल, तर जोडणी सैल आहे. यूएसबी ३.० च्या डिस्कांवरील रुंद, दोन भागांचे मायक्रो-बी सॉकेट याबाबतीत विशेष नाजूक.

'पोर्टवर पॉवर सर्ज' असा संदेश आला की लोक बाहेरच्या विजेला दोष देतात. त्याचा अर्थ एवढाच की पोर्टमधून मर्यादेपलीकडे प्रवाह ओढला गेला आणि संगणकाने पोर्ट बंद केला. सगळी यूएसबी उपकरणे काढावीत, संगणक पूर्ण बंद करून प्लग काढावा, फ्यूज निवू द्यावा. मग बॅटरीच्या उजेडात पोर्टमध्ये वाकलेली पट्टी किंवा कचरा दिसतो का ते पाहावे. रिकाम्या पोर्टवरही संदेश परत आला तर दोष पोर्टचा. एकाच उपकरणाने आला तर त्या उपकरणाचा.

या सगळ्या चाचण्यांत एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. टकटक करणारी डिस्क पुन्हा पुन्हा जोडून पाहू नये. दाब कोसळला की डिस्क फिरत्या तबकडीच्या उरल्यासुरल्या ऊर्जेतून वीज निर्माण करून वाचन-लेखन हेड घाईने सुरक्षित जागी नेते. ही आणीबाणीची हालचाल आहे, रोजची नव्हे. लेखन चालू असताना असे झाले तर फाइल अर्धवट राहते, आणि जर्नल न ठेवणाऱ्या एक्सफॅट पद्धतीत फोल्डरची नोंदही बिघडू शकते. लग्नाचे फोटो, प्रबंधाचा मसुदा, दुकानाचे हिशेब अशा डिस्कांवर एकाच प्रतीत पडलेले असतात. म्हणून आखूड, जाड केबल आणि मागचा पोर्ट यांनी डिस्क सुरू झाली की आधी मजकूर दुसरीकडे उतरवावा, निदान नंतर.

त्यानंतर डिस्कच्या स्वतःच्या स्मार्ट नोंदी वाचाव्यात. अचानक वीज जाण्याची संख्या १९२ क्रमांकाच्या नोंदीत साठते, तबकडी फिरवण्याचे फसलेले प्रयत्न १० मध्ये, वाचता न आलेले आणि निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर १९७ मध्ये. पहिल्या दोन वाढल्या आणि तिसरी शून्य असेल तर वीजपुरवठ्याचा संशय बळावतो. तिसरी वाढत चालली असेल तर केबल बदलून काही साधणार नाही, डिस्क बदलावी.

कायमचा उपाय म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेला हब मला सर्वांत पटतो. डिस्कची सगळी मागणी तिथून भागते. दोन प्लगची वाय केबल काम भागवते, पण यूएसबीच्या नियमांत ती बसत नाही. रास्पबेरी पाय ४ वर चारही पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, तिथे दोन फिरत्या डिस्कांना असा हब जवळजवळ अपरिहार्य. डिस्क काढून एसएसडी घेतली की प्रश्न सुटेलच असेही नाही, कारण काही वेगवान एनव्हीएमई एसएसडी लिहिताना फिरत्या डिस्कपेक्षा जास्त वीज ओढतात.

साडेतीन इंची डिस्कांचा मामला निराळा. त्यांना १२ व्होल्टही लागतात आणि ते वेगळ्या अडॅप्टरमधून येतात, त्यामुळे पोर्टला दोष देण्यात अर्थ नाही. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात लॅपटॉप बॅटरीवर तगतो, पण थकलेल्या अडॅप्टरची डिस्क तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकते. पिन बसते म्हणून राउटरचा किंवा दुसऱ्या कशाचा अडॅप्टर तिला लावू नये. व्होल्ट, अँपिअर आणि पिनमधील धन-ऋण बाजू या तिन्ही गोष्टी डिस्कच्या कवचावरील मजकुराशी ताडून पाहाव्यात. व्होल्ट आणि बाजू तंतोतंत जुळाव्यात, अँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात.