जुना स्मार्टफोन दुरुस्त करावा की बदलावा?

तीन-चार वर्षे वापरलेला फोन अडखळू लागला, दुपारीच चार्जर शोधावा लागू लागला, की घरात ‘आता नवा घेऊन टाक’ हा सल्ला ठरलेला असतो. पण फोन एकाच वेळी सगळाच्या सगळा जुना होत नाही. बॅटरी तिच्या गतीने झिजते, स्टोरेज वेगळ्या गतीने भरत जाते आणि कंपनीकडून मिळणारे सुरक्षा अपडेट तिसऱ्याच एखाद्या तारखेला बंद होतात. पहिल्या दोन गोष्टींवर उपाय आहे आणि तो नव्या फोनच्या मानाने बराच स्वस्त पडतो. तिसऱ्या गोष्टीवर दुरुस्तीच्या दुकानात इलाज नाही. तरीही फोन बदलला जातो तो बहुधा पहिल्या दोन कारणांसाठी, आणि तिसऱ्याची तारीख कुणी पाहिलेलीही नसते.

फोन मंद होण्यामागे बॅटरी असू शकते

स्मार्टफोनमधली लिथियम-आयन बॅटरी पहिल्या दिवसापासून झिजत असते. चार्ज-डिस्चार्ज होताना आतल्या ग्राफाइटवर रासायनिक थर साचत जातो, वापरता येण्याजोगे लिथियम कमी होते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. एक तर चार्ज कमी वेळ टिकतो, हे सर्वांनाच कळते. दुसरी गोष्ट सहज लक्षात येत नाही. कॅमेरा किंवा नकाशा उघडल्यावर प्रोसेसर अचानक जास्त वीज मागतो, ती देताना झिजलेल्या बॅटरीचा दाब एकदम खाली येतो आणि पडद्यावर २० टक्के दिसत असतानाच फोन बंद पडतो.

या दुसऱ्या प्रकारातूनच ॲपलचे गाजलेले प्रकरण उभे राहिले. जुन्या आयफोनचा वेग बॅटरीच्या स्थितीनुसार घटतो, असे डिसेंबर २०१७ मध्ये वापरकर्त्यांच्या चाचण्यांतून दिसून आले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून सॉफ्टवेअरच प्रोसेसरला आवर घालते, अशी कबुली कंपनीने दिली. त्याच महिन्यात तिने माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. पुढे मार्च २०२० मध्ये तिथल्या खटल्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. आपला फोन म्हातारा झाला असे समजून ज्यांनी त्याआधीच नवा घेतला, त्यांच्यापैकी अनेकांचे काम फक्त बॅटरी बदलून भागले असते.

आयफोनमध्ये सेटिंग्जच्या बॅटरी विभागात बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत दिसते. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखतील आणि आयफोन १५ पासूनच्या १,००० चक्रांनंतर, असे ॲपल सांगते. चक्र म्हणजे चार्जर लावण्याची एक वेळ नव्हे. आज ५० टक्के आणि उद्या ५० टक्के वापरले, तर दोन दिवसांत मिळून एक चक्र होते. अँड्रॉइडच्या काही नव्या फोनमध्ये अशी माहिती मिळते, बऱ्याच फोनमध्ये मिळत नाही. तिथे कंपनीच्या सेवा केंद्रात तपासणी करून घ्यावी. क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल आणि बाकी फोन ठीक असेल, तर आधी बॅटरी बदलावी.

उष्णता ही बॅटरीची मोठी शत्रू. ॲपल आपले फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरण्यास सांगते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तिथे दुचाकीच्या हँडलला लावून, चार्जिंग चालू ठेवून, दिवसभर नकाशा दाखवणारा फोन महाबळेश्वरातल्या फोनपेक्षा लवकर थकणार यात नवल नाही. अनेक फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती चालू ठेवल्यास झीज मंदावते. मागचे झाकण उचलले गेले असेल किंवा पडदा कडेने वर आला असेल, तर मात्र बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता आहे. अशा फोनला चार्जर लावू नये, झाकण दाबून बसवू नये. तो बंद करून थेट दुरुस्तीला न्यावा.

बॅटरी कुठे बदलावी, हाही प्रश्न असतोच. पुण्यातल्या तपकीर गल्लीपासून तालुक्याच्या बसस्थानकाजवळच्या टपरीपर्यंत अर्ध्या तासात काम करून देणारे कारागीर सापडतात आणि त्यांतले अनेक तरबेज असतात. अडचण हाताची नसून मालाची असते. वेष्टनावर मूळ कंपनीचे नाव छापलेली बॅटरी मूळ कंपनीचीच असेल याची खात्री देता येत नाही. दर थोडा जास्त पडला तरी अधिकृत केंद्र किंवा बिल आणि हमी देणारे दुकान निवडणे बरे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांविषयीची माहिती तिथे एकत्र पाहता येते.

भरलेले स्टोरेज

स्टोरेज काठोकाठ भरले की फोनला नवी माहिती लिहायला मोकळी जागा शोधत बसावे लागते आणि साधे ॲप उघडायलाही वेळ लागतो. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी असणे बरे. जागा खाणारा पहिला संशयित बहुतेक घरांत एकच असतो: कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटांवर रोज सकाळी येणारी फुले आणि सूर्योदय. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजचा विभाग आहे. कोणत्या गटाने किती जागा व्यापली हे तिथे दिसते, मोठे व्हिडिओ एकदम काढता येतात आणि फोटो आपोआप उतरवणे बंदही करता येते. एवढे करून, फोन एकदा रीस्टार्ट करून आठवडाभर वापरून पाहावा. दोन-तीन जीबी रॅमचा फोन मात्र अशा साफसफाईने फारसा सुधारत नाही. आजची ॲप्स त्याच्यासाठी जड झालेली असतात आणि रॅम वाढवता येत नाही.

अपडेटची तारीख

खरी कसोटी इथे आहे. अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या सुरक्षा त्रुटींची दुरुस्ती गुगल २०१५ पासून दरमहा जाहीर करते. ती प्रत्येक फोनपर्यंत पोहोचवणे हे त्या त्या कंपनीचे काम. सेटिंग्जमध्ये फोनविषयीच्या माहितीत सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती तारीख दीड-दोन वर्षे मागेच थांबली असेल, तर कंपनीने त्या फोनकडे पाठ फिरवली असे समजायला हरकत नाही. त्याच दिवशी काही बिघडत नाही. अँड्रॉइड १० पासून व्यवस्थेचे काही भाग प्ले स्टोअरमार्फतही दुरुस्त होतात आणि ॲप्स अद्ययावत होत राहतात. पण आतला पाया तसाच राहतो.

नंतर ॲप्सही एकेक करून साथ सोडतात. ऑगस्ट २०२५ मधल्या क्रोमच्या १३९ व्या आवृत्तीपासून अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचे व्हर्जन लागते. आठ आणि नऊवरचे फोन आधीच्या आवृत्तीवर थांबले. मे २०२५ पासून व्हॉट्सॲपला आयओएस १५.१ लागते, त्यामुळे आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लस त्यातून बाहेर पडले.

या धोक्याचे वजन फोनवर काय चालते यावर ठरते. गाणी ऐकण्यासाठी किंवा मुलांना धडे दाखवण्यासाठी ठेवलेला, सिम नसलेला आणि बँकेचे ॲप नसलेला फोन अपडेट संपल्यानंतरही बराच काळ चालवता येतो. ज्या फोनवर यूपीआय आहे आणि बँकेचे ओटीपी येतात, त्याच्याबाबत ही सूट घेऊ नये.

आपल्याकडची फोन खाली देण्याची पद्धत नेमकी इथे महागात पडू शकते. मुलाने नवा घेतला की त्याचा जुना आईकडे आणि आईचा गावी आजोबांकडे. घरातला सर्वांत जुना, अपडेट थांबलेला फोन अशा रीतीने त्या माणसाकडे पोहोचतो ज्याचे निवृत्तिवेतन त्याच सिमला जोडलेल्या खात्यात जमा होते. वाहतूक चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवायची आणि ती उघडणाऱ्याच्या खात्यातून पैसे काढायचे, हा फसवणुकीचा प्रकार आता परिचयाचा आहे. अशी फाइल उघडली तर नवा फोनही पूर्ण संरक्षण देत नाही. पण फरक असतो. अँड्रॉइड ७ पर्यंत ‘अनोळखी स्रोत’ हा एकच खटका होता; तो चालू असला की कुठूनही आलेले ॲप बसत असे. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक ॲपसाठी वेगळी द्यावी लागते. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून घेतलेल्या ॲपला पडद्यावरचे सगळे वाचण्याची परवानगी सहजासहजी मिळू नये, असाही अडसर घातलेला आहे. घरात एकच नवा फोन येणार असेल, तर तो आधी कुणाच्या हातात द्यायचा याचा विचार या बाजूनेही करून पाहावा.

नवा घेताना

समजा, १५,००० रुपयांचा फोन तीन वर्षे वापरला, तर वर्षाला ५,००० रुपये पडले. त्याच फोनमध्ये २,००० रुपयांची बॅटरी घालून तो आणखी दोन वर्षे चालला, तर त्या दोन वर्षांचा खर्च वर्षाला १,००० रुपये. पण हा हिशेब अपडेट तेवढा काळ मिळणार असतील तरच धरावा. पडदाही फुटलेला आहे, चार्जिंगचे सॉकेटही सैल झाले आहे आणि दुरुस्तीचा आकडा नव्या फोनच्या निम्म्याकडे सरकतो आहे, अशा वेळी जुन्यात पैसे घालण्यात अर्थ उरत नाही.

नवा घ्यायचे ठरले की कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी अपडेटची वर्षे विचारावीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांची हमी दिली. स्वस्त फोनमध्ये ही मुदत बरीच कमी असू शकते. ही वर्षे ग्राहकाच्या खरेदीच्या तारखेपासून धरली जात नाहीत. ती सहसा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात. दिवाळीच्या सेलमध्ये निम्म्या किमतीला मिळणारे मॉडेल दोन वर्षांपूर्वीचे असेल आणि हमी चार वर्षांची असेल, तर हातात उरतात दोन. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट आणि सात वर्षे सुटे भाग पुरवावे लागतात. तो कायदा तिथला आहे. त्याच नावाच्या भारतातल्या फोनला तेच मिळेल असे गृहीत धरू नये.

केवळ ५जीसाठी घाई करण्याचे कारण नाही. भारतात ५जी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, तरी ४जी चालूच आहे आणि कॉल, यूपीआय, व्हिडिओ यांना ते पुरते. चार-पाच वर्षे वापरण्याच्या हिशेबाने नवाच घेत असाल, तर मात्र ५जी असलेला घ्यावा.

वापरलेला फोन घेताना *#०६# डायल करून आयएमईआय क्रमांक पाहावा आणि तो खोक्यावरच्या व बिलावरच्या क्रमांकाशी ताडून घ्यावा. मग ‘संचार साथी’ पोर्टलवर किंवा ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे व पुढे तो क्रमांक लिहून १४४२२ वर एसएमएस पाठवून खात्री करावी. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन तिथे कळतो. बिल नाही, पण किंमत फारच चांगली आहे, असा सौदा सोडून द्यावा.

जुन्यातून नव्यात जाताना

नवा फोन हातात आला की जुना त्याच दिवशी देऊन टाकू नये. आठवडाभर घरात ठेवावा. दुकानातली एक्स्चेंज ऑफर घ्यायची असेल, तर पुढचे सगळे आधी उरकावे लागते. संपर्क फोनच्या मेमरीत असतील तर ते खात्यात साठवावेत. व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्यावा; अँड्रॉइडवर तो आता गुगलच्या १५ जीबी मोफत जागेतच मोजला जातो, त्यामुळे आधी केलेली साफसफाई इथेही कामी येते. दोन्ही फोन अँड्रॉइड असतील तर क्यूआर कोडने गप्पा थेट एका फोनमधून दुसऱ्यातही नेता येतात.

यूपीआय ॲप सिम आणि फोन या जोडीला बांधलेले असते. नव्या फोनवर त्याच सिमवरून एसएमएस जाऊन पुन्हा नोंदणी करावी लागते आणि सुरुवातीला व्यवहाराची मर्यादा कमी असू शकते. घरभाडे किंवा शाळेची फी भरायची असेल, तर ती आधीच भरून मोकळे व्हावे. आणखी एक खाचखळगा: जुन्या फोनमधले सिम आकाराने मोठे असेल आणि ते कंपनीकडून बदलून घेतले, तर सुरक्षेसाठी नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात. म्हणजे त्या दिवशी ओटीपी येणार नाही.

सगळे नीट आले याची खात्री झाल्यावर जुन्या फोनमधून गुगल किंवा ॲपलचे खाते काढावे आणि मग फॅक्टरी रीसेट करावे. क्रम उलटा झाला, तर पुढच्या माणसाला फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतो. विकण्याजोगा नसलेला फोन ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये, कारण बॅटरी चेपली गेल्यास पेट घेऊ शकते. ई-कचरा नियम, २०२२ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि वापरून झालेल्या उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी त्यांत उत्पादकांवर टाकलेली आहे. फोन कुठे द्यायचा हे कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात विचारता येते.