नोकरी गेल्याचे मुलाखतीत कसे सांगावे?

आधीची नोकरी का सुटली, हा प्रश्न मुलाखतीत येतोच. उत्तर दोन-तीन वाक्यांचे, खरे आणि कागदपत्रांशी जुळणारे असावे.

कारण: १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली आणि हजारो जणांच्या नोकऱ्या गेल्या. अशा वेळी ‘कंपनी बंद पडली’ एवढे पुरते. कामात कमी पडल्याने काढले असेल, तर काय चुकले आणि नंतर काय शिकलो ते सांगावे. ‘राजीनामा दिला’ असे खोटे सांगू नये. जुन्या साहेबांची निंदाही टाळावी.

तारखा: नोकरी सोडल्याची तारीख पीएफ खात्यात नोंदवली जाते. कंपनीने ती भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर स्वतः भरता येते. बायोडेटात हीच तारीख द्यावी.

मधला काळ: २०२०च्या टाळेबंदीत अनेक चाकरमानी खारेपाटणच्या तपासणी नाक्यावरून सिंधुदुर्गात परतले. त्यातल्या ज्यांची नोकरी गेली, त्यांनी ‘गावी होतो’ एवढ्यावर थांबू नये. आंब्याच्या पेट्या विकल्या, दुकान सांभाळले, कोर्स केला, जे केले ते लिहावे. तोही अनुभवच असतो.